नवखे सदस्य असूनही

आनंदा खरमाटेला फक्त एक पोच हवी होती. चोवीस त्याच्या गाठीला होत्या. पंचविसावी शिरगावात एका म्हाताऱ्याच्या फोनमध्ये अडकून बसली होती, आणि म्हातारा काही केल्या ती सोडत नव्हता.

ही पोच मंडळाची. मंडळ म्हणजे फेसबुकवरचं ‘आगपेटी छाप संग्राहक मंडळ’, सदस्य तीनशे बारा. जुन्या आगपेट्यांवरची चित्रं, म्हणजे छाप, पाण्यात भिजवून सोलायचे, वाळवायचे आणि वहीत लावून ठेवायचे, हा या लोकांचा नाद. पैशाला इथं शिवायचं नाही. छापाला छाप, एवढाच व्यवहार. पण ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याला आपला मोर पाठवायचा आणि त्याच्या वाघाची वाट बघत बसायचं, तर भरवसा कशाचा? म्हणून पोचवही. प्रत्येक सदस्याच्या नावाचं एक पान. ज्यानं त्याच्याशी अदलाबदल केली त्यानं त्या पानावर लिहायचं, की माल मिळाला, असा मिळाला, माणूस असा वाटला. कुणी बोचरा शेरा लिहिला, तर ज्याला बोचला त्यानं खाली एकच शब्द लिहायचा: मान्य किंवा अमान्य. मान्य म्हटलं की पोच धरली. अमान्य म्हटलं की प्रकरण समितीकडे, आणि समिती म्हणजे पालघरचे प्रदीप सावे, एकटेच. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ; कचेरी सुटली, पण कचेरीनं त्यांना सोडलं नव्हतं.

एकदा लिहिलेली पोच पुसायची नाही, बदलायची नाही, हा सगळ्यांत कडक नियम. तो दोन वर्षांपूर्वी आनंदानंच सुचवला होता. लोक आधी वाईट लिहायचे, मग समोरच्यानं एखादा जास्तीचा छाप पाठवला की गोड करायचे. आनंदाला ते बघवलं नाही.

बघवणार कसं? सत्तावीस वर्षं तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीचा बॉयलर सांभाळत होता. तासाला प्रेशर किती, पाण्याची पातळी किती, लिहायचं आणि सही ठोकायची. खाडाखोड केली तर साहेब विचारणार. सांगली जिल्ह्यातलं गाव सोडून तो बोईसरजवळच्या बेटेगावात राहायला आला तेव्हा ट्रंकेत चार कपडे आणि आगपेटीच्या छापांची एक वही होती. आता वह्या एकोणीस होत्या. त्यातल्या सातव्या वहीत एका पानावर बारा पाखरांची मालिका, आणि त्यात अकरा पाखरं. बारावी चौकट रिकामी. तिच्याखाली आनंदानं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: टिटवी.

त्याची बायको मंदा म्हणायची, “अकरा हायती ना? बास की. टिटवी कुणी घरात आणतं का? वरडली म्हंजे?”

“कागदावरची वरडत न्हाई.”

“तुमी वरडताय ना तिच्यापायी, तेच म्हणते मी.”

आणि ही टिटवी आता हाताशी आली होती. पालघरचे एक जुने संग्राहक उन्हाळ्यात वारले. त्यांच्या पत्नीनं सगळ्या वह्या मंडळाला दिल्या. वाटणीचं सावेसाहेबांनी ठरवलं: ज्याच्या नावावर पंचवीस पोच, त्यानं एक छाप मागायचा. मुदत रविवार, संध्याकाळचे सहा. यादीत टिटवी होती, आणि ती दुसऱ्या कुणीही मागितलेली नव्हती. एकाच पोचेचा सवाल होता.

ती पोच देणं लागणारे तात्या राऊत म्हणजे शिरगावचे बागायतदार. वाडीत नारळ, सुपारी, केळी, पानवेली. वय एकाहत्तर. मंडळात यंदाच आलेले, नातीनं खातं उघडून दिलेलं. त्यांच्या पानावर पोच शून्य. पण त्यांच्याकडे खंड्या होता, आनंदाच्या मालिकेतलं अकरावं पाखरू. बदल्यात त्यांना आनंदाकडची गलबतांची तीन चित्रं हवी होती. ठरलं. आता आधी कुणी पाठवायचं? मंडळाची रीत अशी, की ज्याच्या पोच कमी त्यानं आधी. आनंदानं तसं कळवलं: “प्रथेनुसार प्रथम आपण पाठवावे. आपले मिळताच मी रवाना करेन.”

तिकडून दोन दिवस काही आलं नाही. मग “बरे” एवढंच. आणि चौथ्या दिवशी पाकीट. सुपारीच्या झाडाची वाळलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, कापून तिचे दोन चौकोन केलेले, त्यांच्यामध्ये खंड्या, वरून केळीच्या सोपटाची दोरी. आनंदानं ती विरी उलटीपालटी करून पाहिली, हसला आणि केराच्या डब्यात टाकली. खंड्या मात्र बिनडाग होता. त्यानं त्याच संध्याकाळी गलबतं पाठवली, प्लॅस्टिकच्या पाकिटात, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, चारी कडांना चिकटपट्टी. आणि तात्यांच्या पानावर पोच लिहिली.

पोच लिहिण्यात आनंदाचा हात धरणारा मंडळात कुणी नव्हता. त्याच्या फोनमध्ये पाच तयार मजकूर होते: जुन्या सदस्यासाठी, नव्यासाठी, उशीर करणाऱ्यासाठी, बाईमाणसासाठी आणि डॉक्टर-वकिलांसाठी. नव्याचा उचलला, थोडी भर घातली आणि चिकटवला:

“नवखे सदस्य असूनही व्यवहार चोख. पॅकिंग घरगुती, पण माल सुरक्षित.”

एकवीस जणांनी अंगठा दाखवला. सावेसाहेबांनी खाली लिहिलं, “आदर्श पोच.”

आणि मग आनंदा आपल्या पोचेची वाट बघत बसला.

आता पोच मागायची नसते. ती रीतच नाही. लग्नात आहेर मागतो का कुणी? पण आठवण करून देता येते, आणि तिच्याही पायऱ्या असतात. आठव्या दिवशी आनंदानं विचारलं, “पाकीट मिळाले ना?” उत्तर आलं, “मिळाले. छान.” हे उत्तर पोचवहीत यायला हवं होतं, आलं खासगीत. बाराव्या दिवशी त्यानं पोचवहीत आपल्या पानाची वाट नेमकी कुठून जाते ते पाठवलं, सोबत हात जोडलेले. उत्तरादाखल केळीच्या घडाचा फोटो आला. सोळाव्या दिवशी आनंदानं लिहिलं, “आपला अभिप्राय मोलाचा आहे.” उत्तर: “या एकदा वाडीवर.” एकोणिसाव्या दिवशी फोन केला. तात्यांनी थंडी, पानवेलींवरचा रोग आणि डहाणूकडच्या चिकूचे हाल यावर अकरा मिनिटं मनापासून गप्पा मारल्या. पोचेचं नाव काढलं की म्हणायचे, “हा हा, बघू.” आणि पुन्हा चिकू.

“माणूस वाईट असता तर बरं झालं असतं,” आनंदा मंदाला म्हणाला. “चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. ह्यो गोड बोलतो आणि देत न्हाई.”

“तुमी त्येचं काय तरी बिगाडलं आसंल.”

“मी? मी त्याची तारीफ केलीय! तीनशे माणसांत!”

“मग त्येलाच विचारा जावा. माझ्या डोसक्यावर बॉयलर फोडू नगा.”

शनिवारी त्यानं सावेसाहेबांना फोन लावला.

“साहेब, तात्यांनी मला खासगीत ‘मिळाले, छान’ लिहिलंय. त्याचा फोटो पाठवतो. ती पोच धरा.”

“खासगी मजकूर म्हणजे पोच नव्हे, खरमाटे. पोचवहीत हवं.”

“अहो, पण माल मिळाल्याचं कबूल करतोय माणूस!”

“तुम्हीच म्हणाला होता ना, जे वहीत नाही ते घडलंच नाही? माझ्याकडे इतिवृत्तात आहे.”

आनंदानं फोन ठेवला. आपलंच वाक्य आपल्याच घशात अडकणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं.

रविवारी पहिली पाळी संपवून, दोन घास खाऊन त्यानं मोटरसायकल काढली. पालघर मागं टाकून शिरगावात पोचेपर्यंत साडेतीन झाले. वाडी सापडायला वेळ लागला नाही, विचारलं त्यानं हात केला, “तात्याकडं? ते काय, तिकडं.” पायवाटेच्या दोन्ही अंगांना पोफळी सरळ उभ्या, आणि त्यांच्या बुंध्याशी गळून पडलेल्या विऱ्या. आनंदानं त्या ओळखल्या आणि उगाच नजर दुसरीकडं वळवली.

तात्या पानवेलींना पाणी सोडत होते. उघडे, कमरेला पंचा, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. वर बघून म्हणाले, “आले का खरमाटे? या या. बसा ओटीवर. एवढं पाणी फिरलं का आलोच.”

“तात्या, दोनच मिनिटांचं काम होतं. सहा वाजेपर्यंत—”

“दोन मिन्टांच्या कामाला बोईसरवरनं आले? मग बसाच.” आणि ते दुसऱ्या सरीकडं वळले.

ओटीवर तात्यांच्या पत्नी जमनाबाईंनी पाणी दिलं, मग चहा, मग नारळाच्या वड्यांची ताटली. मग पदर सावरून खांबाला टेकून उभ्या राहिल्या आणि आनंदाकडं बारीक नजरेनं बघू लागल्या, जत्रेत हरवलेलं भांडं ओळखू यावं तसं.

“तुमीच का ते नवखेवाले?”

“काय म्हणालात?”

“नवखे असूनही.” त्यांनी सावकाश म्हटलं. “तुमीच ना? तीन आठवडे घरात दुसरं काय नाय. सकाळी चा दिली का म्हणतात, नवखी असूनही चा चोख. भात वाढला का म्हणतात, भात घरगुती पण सुरक्षित. सत्तेचाळीस वर्सं झाली माज्या लग्नाला, आता नवखी झालेय मी.”

आनंदाच्या हातातली वडी हातातच राहिली.

“अहो पण ती… ती तारीफ होती, बाई.”

“आसंल. आमाला काय कळतंय,” जमनाबाई म्हणाल्या आणि ताटली पुढं सरकवली. “वडी घ्या. घरगुती हाय.”

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आनंदाला पहिल्यांदा राग आला तो सावेसाहेबांचा: ‘आदर्श पोच’ म्हणे! दुसऱ्यांदा आला तो तात्यांचा. लागलं तर सांगायचं होतं. केळीचे घड कशाला पाठवायचे? अमान्य म्हणून एक शब्द लिहायचा होता, त्यासाठी तर नियम आहे. आणि तिसरा राग कुणाचा ते त्याला लगेच कळेना, म्हणून त्यानं ती वडी खाऊन टाकली.

तात्या पाय धुऊन आले तेव्हा पावणेपाच होत होते. सदरा चढवला, चष्मा लावला आणि आत जाऊन बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन आले. तो आनंदापुढं ठेवून झाकण काढलं. आत पोस्टकार्डं. सुतळीनं बांधलेले जुडगे, पिवळे पडलेले, वर्षांच्या चिठ्ठ्या लावलेले. पहिल्या चिठ्ठीवर १९७४.

“ही आमची पोचवही,” तात्या म्हणाले. “चारशे अकरा हायत. मोजून घ्या, तुमी मोजणारे.”

आनंदानं एक जुडगा उचलला. पाकीट पावले, हत्ती पावला, आगगाडी पावली. पण नुसतं पावलं म्हणून कुणी थांबलेलं नव्हतं. एकानं लिहिलं होतं, हत्तीचा एक दात वाकडा छापला आहे, आमच्या मामांसारखा. दुसऱ्यानं, पाकीट आले तेव्हा घरात बारसे होते, मुलीचे नाव आगगाडी ठेवावे असे थोरला म्हणतो. तात्यांनी मधूनच एक कार्ड ओढून त्याच्या हातात दिलं. पालघरचा शिक्का, १९८३. खालची सही त्याच गृहस्थांची, ज्यांच्या वह्या मंडळ आता वाटत होतं.

‘टिटवी पावली. टिटवीला झोप नसते म्हणतात. काल मलाही आली नाही, तीनदा उठून दिवा लावून पाहिली.’

“ही… ही टिटवी तुमची?”

“माजीच. मी दिलेली. दोन होत्या, एक दिली. माजी पुढं वाळवीनं खाल्ली.”

“मग तात्या, ती तुम्ही मागायला हवी!”

“कशी मागू?” तात्या हसले. हसणं वरवर होतं. “मी नवखा. माज्या नावावर एकच पोच, तीपण तुमी दिलेली. माजा दोस्त, माजा छाप, आणि सावे म्हणतो का पंचवीस पायजेत.”

आनंदा, कितीही झालं तरी बॉयलरवाला, बिघडलेलं आधी दुरुस्त करायचं म्हणून उठला. “थांबा. तो शब्द मी आत्ता काढायला लावतो.”

“हितं रेंज नाय. विहिरीपाशी चला.”

विहिरीच्या काठावर एका ठरावीक दगडावर उभं राहिलं की फोनला रेंज येई. आनंदा त्या दगडावर चढला.

“साहेब, मी तात्यांना दिलेली पोच बदलायचीय. ‘नवखे’ शब्द चुकीचा आहे. माझी चूक.”

“बदलता येत नाही.”

“माहीत आहे. पण माणूस पन्नास वर्षं या नादात आहे हो! मला माहीतच नव्हतं.”

“खरमाटे, सूचक तुम्ही, अनुमोदक मी. आता तुमच्यासाठी नियम वाकवला तर उद्या जगासाठी वाकवावा लागेल.”

“अहो, मला फायद्यासाठी नकोय!”

“प्रत्येक जण हेच म्हणतो, हेही तुमचंच वाक्य,” सावे म्हणाले. “आणि तुमची पंचविसावी अजून आलेली नाही. पाच सत्तावीस झालेत. शुभेच्छा.”

आनंदानं फोन खाली घेतला. विहिरीत टाकावा असं एक क्षण वाटलं. पण पाचही मजकूर त्यातच होते. ते टाकावे असंही मग वाटलं.

तात्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दगडावरचं बोलणं अर्ध्या वाडीला ऐकू जातं. ते म्हणाले, “किती वाजेपर्यंत पायजे तुमाला?”

“सहा. पण राहू द्या तात्या. मला आता तोंड नाही मागायला.”

“तोंड नसलं तर नसू द्या, टिटवी पायजे ना? का माज्यावर उपकार म्हणून सोडताय? सोडली तर सावे ती कपाटात घालून ठेवील. त्यापरीस तुमच्या वहीत बरी. खंड्याच्या शेजारी.” त्यांनी खिशातून आपला फोन काढला. “उतरा खाली. दगड एकच हाय.”

तात्या दगडावर चढले आणि लिहू लागले. एका बोटानं. एक अक्षर दाबायचं, चष्म्यावरून बघायचं, पुढचं शोधायचं. आनंदा खाली उभा. पाच तेहेतीस. पाच एकोणचाळीस. ‘मिळाले, छान’ एवढं लिहायला किती वेळ लागतो? पाच चव्वेचाळीसला तात्यांनी विचारलं, “जोडाक्षर कुठनं येतं याच्यात?” आनंदानं पुढं होऊन बघायला मान उंच केली, तसा तात्यांनी फोन छातीशी धरला. “लांबून सांगा. पोच कुणी आधी दाखवतं का?”

पाच एक्कावन्नला पोच गेली. तीही जाता जाता एक चक्र गरगर फिरवून गेली. आनंदानं घाईनं आपला फोन उघडला, हात लांब करून दगडाच्या वर धरला, आणि आपलं पान आलं तसं वाचलं:

“खरमाटे यांची तीन गलबते पावली. पॅकिंग कंपनीसारखे, सोडवताना सुरी लागली. चित्रे सुंदर. खरमाटे नियमात फार जुने आहेत. माणसांत नवखे असूनही घरी आले व चहा घेतला.”

त्यानं ते दोनदा वाचलं. तेवढ्यात खाली हसणारे चेहरे उमटायला लागले. चार. नऊ. सतरा. मंडळात रविवारी संध्याकाळी एवढी माणसं जागी असतात हे त्याला माहीत नव्हतं. आणि त्या चेहऱ्यांच्या खाली समितीचा निरोप:

“सदर पोचेत शेरा आढळतो. खरमाटे यांनी मान्य / अमान्य कळवावे. अमान्य असल्यास पोच निर्णयापर्यंत स्थगित. वेळ सहा वाजेपर्यंत.”

“हे काय लिहिलंत तात्या!”

“का? चुकलं का काय?” तात्या दगडावरून उतरले. “नियमात जुने लिवलं ना? तारीफ हाय ती.”

“माणसांत नवखे? तीनशे लोकांत? कंपनीतली सहा पोरं आहेत मंडळात! उद्या पाळीवर—”

“माजी नात हाय. तिच्या मैत्रिणी हायत. माजा जावई हाय.” तात्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “अमान्य लिवा. मी काय रागवत नाय. नियमच हाय तसा.”

पाच चोपन्न. आनंदाला वाटलं, अमान्यच लिहावं. काय म्हणून ऐकून घ्यायचं? एका शब्दाची एवढी शिक्षा? चोवीस माणसांनी आजवर लिहिलं होतं, व्यवहार चोख, व्यवहार चोख, व्यवहार चोख. आणि पंचविसावा म्हणतो चहा घेतला. पण टिटवी गेली असती. वीस वर्षं रिकामी असलेली चौकट तशीच राहिली असती, आणि उद्या पाळीवर पोरं हसली असती ती हसलीच असती. अमान्य लिहिल्यानं कोण हसायचं थांबतं?

आणि खरं सांगायचं तर त्याला ते वाक्य खोटं आहे असं शपथेवर म्हणता येईना. यानं तो आणखीच चिडला.

तो दगडावर चढला. दात आवळून, बॉयलरच्या वहीत आकडा लिहावा तसं, त्यानं लिहिलं: मान्य.

पाच सत्तावन्नला सावेसाहेबांचं उत्तर आलं. “नोंद घेतली. पंचवीस पूर्ण. टिटवी मंजूर.” आणि पाठोपाठ, बहुधा राहवलं नाही म्हणून, एक हसणारा चेहरा. समितीनं हसल्याची मंडळाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

निघताना जमनाबाईंनी पिशवीत चार नारळ आणि वड्यांचा पुडा घातला. तात्या पायवाटेपर्यंत आले. आनंदानं मोटरसायकल चालू केली आणि तोंड फिरवूनच म्हणाला, “तात्या, तुमच्या पानावरचं माझं तसंच राहणार. ते काही मला पुसता येत नाही.”

“ऱ्हाऊ द्या. तुमच्या पानावरचंपण ऱ्हाणार हाय,” तात्या म्हणाले. “बरोबरी झाली.”

पुढच्या शनिवारी टिटवी आली. सावेसाहेबांनी ती सरकारी लखोट्यात घालून पाठवली होती, बाहेर जावक क्रमांक लिहून. आनंदानं सातवी वही काढली, बाराव्या चौकटीखालची पेन्सिल खोडली आणि टिटवी चिकटवली. मंदानं वाकून बघितलं.

“एवढीशी? आन् ह्येच्यापायी तुमी गावभर नवखं झाला व्हय?”

कंपनीत आठवडाभर आनंदाला कुणी नावानं हाक मारलेली नव्हती. शिकाऊ पोरं ‘नवखे, चहा’ म्हणून पेला पुढं करत होती.

आता मंडळाला टिटवीची पोच द्यायची होती. त्यानं फोन उघडला, पाच मजकुरांवरून बोट फिरवलं, आणि एकही उचलवेना. प्रत्येकात कुठं ना कुठं कुणाला टोचेल असं काहीतरी दिसायला लागलं होतं. ‘वेळेवर’ लिहिलं तर आजवर उशीर करत होते की काय? ‘पॅकिंग उत्तम’ लिहिलं तर जावक क्रमांकाची टिंगल वाटेल. शेवटी त्यानं लिहिलं, “मिळाली.” सावेसाहेबांनी तासाभरात कळवलं, “किमान एक पूर्ण वाक्य अपेक्षित.”

सोमवारी पाळीला जाण्याआधी तो बोईसरच्या टपाल कचेरीत गेला आणि पोस्टकार्डं मागितली. खिडकीतल्या बाईनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग खणात खालपर्यंत हात घातला. “किती?”

“चार.”

तीन वाया गेली. पहिल्यावर ‘प्रथेनुसार’ आलं, दुसऱ्यावर ‘असूनही’. तिसऱ्यावर माफी मागता मागता त्यानं नियमाचा क्रमांकच लिहिला. चौथ्यावर त्यानं लिहिलं ते असं:

‘टिटवी पावली. बारा पाखरे झाली. ती तुमची होती हे वहीत टिटवीच्या खाली शाईने लिहिले आहे. खंड्या आला त्या विरीत नीट आला होता. विरी मी फेकली. फेकायला नको होती. – आनंदा खरमाटे.’

पेटीत टाकलं आणि घरी येऊन दिवस मोजू लागला. बोईसरवरून शिरगावला पत्र जायला किती लागतील? तीन? चार? तात्यांनी फोन केला नाही. केळीच्या घडाचा फोटो आला नाही. आठव्या दिवशी आनंदाला वाटलं, विचारावं का, कार्ड मिळालं का म्हणून? मग आठवलं, की हे विचारायचं नसतं.

आता रोज पाळीवरून आलं की तो जिन्याखालच्या पत्रपेटीत आधी बोट घालून बघतो, मग किल्ली लावून उघडून बघतो.

“काय आलंय?” वरून मंदा विचारते.

“लाईटबिल.”

“आन् त्येंची पोच?”

“पोचेची पोच कुणी देतं का?” आनंदा खेकसतो, आणि पेटीत पुन्हा एकदा हात घालून, पार मागच्या पत्र्यापर्यंत चाचपून बघतो.